वाड्याचा खरा मालक कोण? : जुन्या गॉथिक भयकथांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात एका उत्तरात जाताजाता मी गॉथिक कादंबऱ्यांचा (म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या, जुन्या किल्ल्यांतल्या भयकथांचा) उल्लेख केला आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की हा पूर्ण महिना त्यालाच देतेय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, खाली गोष्टी शेवटापर्यंत सांगितल्यात, 'युडोल्फो' या कादंबरीतल्या त्या प्रसिद्ध काळ्या पडद्यामागे काय होतं तेसुद्धा, त्यामुळे ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी तेवढा भाग नंतरसाठी ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी बीए सेकंड इयरला आहे, इंग्लिश लिटरेचर. "सुरुवातीच्या गॉथिक कादंबरीची वैशिष्ट्ये लिहा" हा प्रश्न हमखास येतो. नोट्समध्ये किल्ला, भुयार, वादळ, भूत, बेशुद्ध पडणारी नायिका अशी यादी आहे, पाठ केली की मार्क मिळतात. पण या सगळ्या गोष्टी एकत्र का आल्या तेच कळत नाही. नुसती फॅशन होती का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझी यादी चुकीची नाहीये, फक्त ती अधांतरी लटकलीय, तिला धरून ठेवणारी खुंटी नोट्सवाल्यांनी दिलेलीच नाही. ती खुंटी म्हणजे इस्टेट. मी कितीतरी वर्षं या कादंबऱ्या भुतांच्या गोष्टी म्हणूनच वाचत होते आणि मग कधीतरी लक्षात आलं की अरे, यातलं भूत कोणाला घाबरवायला येतच नाहीये, ते आपला हक्क मागायला येतंय.

पहिलीपासूनच बघ. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो', 24 डिसेंबर 1764 ला लंडनमध्ये बाहेर पडली, पहिल्या आवृत्तीच्या 500 प्रती. गोष्ट अशी की मॅनफ्रेड नावाचा राजा, त्याचा एकुलता एक आजारी मुलगा कॉनरॅड, त्याचं लग्न त्या दिवशी इझाबेला नावाच्या मुलीशी लागायचंय, मंडळी जमलीत आणि अंगणात आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं, काळ्या पिसांच्या तुऱ्याचं, आणि नवरामुलगा त्याखाली चिरडून मरतो. मॅनफ्रेड पोराचं प्रेत उचलायच्या आधी ते शिरस्त्राणच न्याहाळत बसतो. का? कारण त्याला एक जुनी भविष्यवाणी माहितीय, की या गादीचा खरा मालक किल्ल्यात मावेनासा एवढा मोठा झाला की ही गादी सध्याच्या घराण्याच्या हातून जाणार. मॅनफ्रेडचा आजा हा मूळ राजा अल्फॉन्सोचा खासगीतला कारभारी होता, त्याने धन्याला विष घातलं, खोटं मृत्युपत्र केलं आणि गादी बळकावली. सगळी कादंबरी या एका खोट्या कागदावर उभी आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर भलतंच नाव चढवून तीन पिढ्या जमीन खातात ना, तोच प्रकार, फक्त इथे मेलेला मालक दाद मागायला स्वतः येतो, आणि एकदम येत नाही, आधी शिरस्त्राण, मग नोकरांना गॅलरीत दिसलेला चिलखतातला पाय, मग जिन्यावरचा हात, असा तुकड्यातुकड्याने येतो.

आता या खुंटीला तुझी यादी टांगून बघ. किल्ला का, कारण किल्ला हीच इस्टेट, भांडण त्याच्यासाठीच आहे. पूर्वजाचं चित्र का, कारण गुन्हा पूर्वजाचा आहे. भुयार का, कारण ज्याला दर्शनी दारातून बाहेर पडायची मुभा नाही त्याला दुसरी वाट लागते. साधू, पाद्री, कबुलीजबाब का, तर जुनं गुपित कोणाच्या तरी पोटात असायलाच हवं आणि पाद्र्यापेक्षा जास्त गुपितं कोणाच्या पोटात असणार! आणि शेतकऱ्याचा म्हणून वाढलेला एक देखणा, धीट पोरगा असतोच असतो, 'ओट्रँटो'त त्याचं नाव थिओडोर, शेवटी तो खरा वारस निघतो.

हे फक्त वॉलपोलपुरतं नाहीये. क्लारा रीव्हची कादंबरी 1777 मध्ये एका नावाने आणि 1778 मध्ये 'दी ओल्ड इंग्लिश बॅरन' या नावाने आली, त्यात किल्ल्याचा एक भाग भुताटकीमुळे बंद ठेवलेला, एडमंड नावाच्या गरीब मुलाला तिथे झोपायला लावतात, आणि निघतं काय तर तोच खरा वारस, आणि त्याच्या खून झालेल्या बापाचा सांगाडा त्याच बंद भागात जमिनीखाली पुरलेला. ॲन रॅडक्लिफच्या 1791 च्या 'द रोमान्स ऑफ द फॉरेस्ट'मध्ये ॲडलाइन नावाची अनाथ मुलगी एका पडक्या मठात राहते, तिथे तिला एका कैद्याने लिहिलेले जुने कागद सापडतात, ती रात्री दिव्याच्या उजेडात रडत रडत वाचते, आणि पुढे कळतं की तो कैदी तिचाच बाप होता, त्याच्याच भावाने इस्टेटीसाठी मारलेला. कोणाच्या दुःखावर रडतोय हे तिला माहीतच नाही, आणि मला गॉथिकमधली सगळ्यात जिव्हारी लागणारी जागा हीच वाटते, कुठल्याही भुतापेक्षा.

तर पेपरात यादी लिही, पण पहिलं वाक्य हे लिही की या गोष्टी बळकावलेल्या घरांच्या आहेत. पुढचं आपोआप येईल.

प्रश्न : गॉथिक म्हणजे नक्की काय? आमच्या मुंबईच्या सीएसएमटीला पण गॉथिक म्हणतात आणि भुतांच्या गोष्टींना पण. स्टेशनात तर भूतबित काही नाही, फक्त गर्दी आहे. – एक रोजचे प्रवासी, डोंबिवली

उत्तर : शब्द मूळचा गॉथ लोकांचा, म्हणजे ज्या जर्मानिक टोळ्यांनी 410 साली रोम लुटलं ते. पुढे रेनेसाँच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनाच्या काळात इटलीतल्या मंडळींना मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या इमारती रानटी वाटायच्या म्हणून त्यांनी त्यांना गॉथिक म्हणायला सुरुवात केली, थोडक्यात शिवीच होती ती. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गॉथिक म्हणजे जुनाट, मध्ययुगीन, ओबडधोबड असा अर्थ रूढ होता. वॉलपोलने 1765 च्या दुसऱ्या आवृत्तीत पुस्तकाच्या नावाखाली 'एक गॉथिक कथा' असं घातलं तेव्हा त्याला भुताची गोष्ट असं म्हणायचंच नव्हतं, त्याला म्हणायचं होतं जुन्या काळातली गोष्ट. भीतीचा अर्थ या कादंबऱ्यांमुळेच शब्दाला चिकटला.

आणि इमारतीशी संबंध तर अगदी थेट आहे बरं का. वॉलपोल हा ब्रिटनचा पंतप्रधान राहिलेल्या रॉबर्ट वॉलपोलचा धाकटा मुलगा, पैशाला कमी नाही, त्याने लंडनजवळ ट्विकनहॅमला 1747 मध्ये एक साधं घर घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याला मनोरे, कमानी, रंगीत काचा लावत त्याचा छोटा मध्ययुगीन किल्ला केला, नाव स्ट्रॉबेरी हिल. तिथल्या गॅलरीचं छत बघितलं तर वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दगडी छतासारखं पंख्यांच्या आकाराचं आहे, पण दगडाचं नाही, कागदाच्या लगद्याचं! घर अजून आहे, बघायला जाता येतं. त्याच घरात एका रात्री त्याला स्वप्न पडलं, की आपण एका जुन्या किल्ल्यात आहोत आणि मोठ्या जिन्याच्या अगदी वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात ठेवलेला आहे. त्याच संध्याकाळी तो लिहायला बसला, पुढे काय लिहायचंय हे काहीही माहीत नसताना, आणि दोन महिन्यांच्या आत कादंबरी पूर्ण. हे सगळं त्याने 9 मार्च 1765 च्या पत्रात एका मित्राला स्वतः लिहून ठेवलंय. कादंबरीतलं जे चित्र चौकटीतून खाली उतरतं तेसुद्धा त्याच्या गॅलरीतल्या एका पांढऱ्या कपड्यातल्या सरदाराच्या चित्रावरून सुचलेलं.

म्हणजे आधी घर, मग स्वप्न, मग पुस्तक. मध्ययुगाचं जे वेड स्ट्रॉबेरी हिलसारख्या घरांतून वाढत गेलं तेच पुढच्या शतकात सगळ्या ब्रिटनभर पसरलं आणि बोटीतून मुंबईला आलं. राजाबाई टॉवर 1878 चा, सीएसएमटीची इमारत 1888 ची. उद्या घाई नसेल तर स्टेशनच्या भिंतीवरचे दगडी प्राणी आणि पाण्याच्या पन्हाळीला काढलेली तोंडं नीट बघा, एरवी आपण खाली मान घालून लोकल पकडायला पळत असतो.

प्रश्न : 'ओट्रँटो' तुमच्या सांगण्यावरून वाचली. खरं सांगू, हसू आलं. आभाळातून टोप पडतो, पुतळ्याच्या नाकातून रक्त येतं. याला क्लासिक का म्हणायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : हसू आलं यात तुमचं काही चुकलं नाही. क्लारा रीव्हनेसुद्धा तेव्हाच लिहून ठेवलंय की भूत चालेल पण एवढी अचाट शिरस्त्राणं नकोत, त्याने वाचकाची समाधी मोडते आणि भीतीच्या जागी हसू येतं, सगळं कसं शक्यतेच्या काठाच्या आत राहायला हवं. मला तिचं म्हणणं पटतं. पण मग तिच्या कादंबरीत ती एवढी सांभाळून चालते की भूतसुद्धा शिस्तीत येऊन जातं, आणि वॉलपोलचं वेड काही तिला साधत नाही.

'ओट्रँटो' वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ती आधी खोट्या नावाने आली होती. वॉलपोलने असा बनाव केला की इंग्लंडच्या उत्तरेत एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात 1529 साली नेपल्सला छापलेलं एक इटालियन पुस्तक सापडलं आणि आपण फक्त भाषांतर केलंय. लोकांना खरं वाटलं. मग दुसऱ्या आवृत्तीत त्याने कबूल केलं की लिहिणारा मीच, आणि काही परीक्षक जे आधी कौतुक करत होते ते चिडले, कारण सोळाव्या शतकातल्या अडाणी इटालियनाने असलं लिहिलं तर ठीक, पण आपल्यातल्या शिकलेल्या माणसाने? सापडलेली जुनी हस्तलिखितं, पानं फाटलेली, नेमक्या ठिकाणी शाई पुसलेली, हा प्रकार तिथून जो सुरू झाला तो आजच्या 'सापडलेलं व्हिडिओ फुटेज' असं सांगणाऱ्या सिनेमापर्यंत चालूच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे टोप विसरा आणि त्यानंतरचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. मुलगा सकाळी मेलाय आणि त्याच दिवशी रात्री बाप इझाबेलाला बोलावून सांगतो की मुलगा गेला तर गेला, आता तू माझ्याशी लग्न कर, बायकोला मी सोडतो, मला वारस हवाय. तिचा हात धरतो. तेवढ्यात भिंतीवरच्या चित्रातला आजोबा उसासा टाकतो आणि चौकटीतून खाली उतरतो, मॅनफ्रेड तिकडे बघतो, आणि पोरगी पळते. किल्ल्याच्या खाली भुयार आहे जे चर्चमध्ये निघतं एवढं तिला माहीत आहे, बस. हातात एक दिवा. खाली वळणावळणाचे कोनाडे, पूर्ण शांतता, फक्त मधूनच वाऱ्याचा झोत येतो आणि तिने मागे टाकलेली दारं गंजलेल्या बिजागऱ्यांवर करकरतात आणि तो आवाज त्या अंधारात लांबवर घुमत जातो. ती थांबते, ऐकते, पुन्हा दोन पावलं. कोणीतरी आहे. एक दार हळूच उघडतं, आणि नेमका तेव्हाच झोत येऊन दिवा विझतो. मग त्या मिट्ट काळोखात वरच्या फटीतून चंद्राचा एक कवडसा खाली येतो आणि बरोबर त्या चोरदाराच्या कुलपावर पडतो.

यात बघा, भूत नाहीये. चित्रातला आजोबा तर उलट तिच्या सुटकेच्या उपयोगी पडतो. घाबरायचं आहे ते घरच्या कर्त्या पुरुषाला. दिवा विझणं, मागे पावलं, बंद दार, हे सगळं अडीचशे वर्षं भयकथा वापरतायत आणि ते याच दोन पानांतून आलंय, म्हणून ती क्लासिक. बाकी कादंबरी कच्चीच आहे, मान्य.

प्रश्न : टेरर आणि हॉरर यात फरक असतो असं एका लेक्चरमध्ये ऐकलं. दोन्हीला आपण भीतीच म्हणतो ना? – पुणे

उत्तर : मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत की! धास्ती आणि शिसारी. जिन्यावर पाऊल वाजलं आणि कोण ते कळत नाही ती धास्ती. दार उघडलं आणि समोर कुजलेलं प्रेत, ती शिसारी. रॅडक्लिफने हे फार सुंदर मांडलंय, तिच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये छापलेल्या लेखात, की धास्तीने मन फैलावतं, सगळ्या जाणिवा जाग्या होतात, आणि दुसऱ्या प्रकाराने मन आकसतं, गोठतं. यामागे एडमंड बर्क या विचारवंताचा 1757 चा ग्रंथ आहे, त्याचं म्हणणं होतं की उंच कडे, अंधार, अफाट पसारा, जे नीट दिसत नाही ते, हे सगळं सुरक्षित अंतरावरून अनुभवलं की त्यात एक वेगळाच, भारावणारा आनंद असतो. स्पष्ट दिसलं की भीती निम्मी होते. रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांतले डोंगर, दऱ्या, संध्याकाळचे पाइनचे कडे हे सगळं त्यातूनच आलंय (नवख्या वाचकाला ती वर्णनं लांबलचक वाटतात पण ती गाळू नका, त्यांनीच मन तयार होतं).

तिची 'द मिस्टरीज ऑफ युडोल्फो' 1794 ची, चार खंड. एमिली नावाची अनाथ मुलगी मॉन्टोनी नावाच्या माणसाच्या किल्ल्यात अडकलेली, इटलीतल्या ॲपेनाइन डोंगरात. एका दालनात काळ्या रेशमी पडद्याने झाकलेलं काहीतरी आहे. ती पडदा उचलते, आणि बेशुद्ध पडते. आणि लेखिका सांगतच नाही तिने काय पाहिलं! शेकडो पानं सांगत नाही. पार शेवटच्या खंडात कळतं की ते मेणाचं प्रेत होतं, चेहऱ्यावर किडे दाखवलेलं, घराण्यातल्या कोणा एकाला पापाचं प्रायश्चित्त म्हणून रोज बघायला लावलेलं. एमिलीने दुसऱ्यांदा बघायचं धाडस केलं असतं तर तिला लगेच कळलं असतं. अशी रॅडक्लिफची पद्धत, सगळ्या भुताटकीचा शेवटी साधा उलगडा. पुष्कळांना याचा राग येतो, फसवलं म्हणतात. मला नाही येत. कारण मधल्या काळात एमिलीला काय वाटत असतं? तिला वाटत असतं ते किल्ल्याच्या आधीच्या मालकिणीचं प्रेत आहे आणि किल्ला मिळावा म्हणून मॉन्टोनीने तिला मारलंय. बाहुली मेणाची निघाली तरी मॉन्टोनीबद्दलची तिची पारख काही फार चुकलेली नसते.

शिसारीचा उस्ताद म्हणजे मॅथ्यू लुईस. 'द मंक' 1796 ची, तेव्हा तो जेमतेम विशीचा, आणि 'युडोल्फो' वाचूनच त्याला आपली कादंबरी पुढे न्यायची उमेद आली होती. माद्रिदमधला एक साधू, अँब्रोसिओ, ज्याच्या प्रवचनाला सगळं शहर लोटतं, तो एकदा घसरतो आणि मग घसरतच जातो, बलात्कार, खून, सैतानाला आत्मा विकणं. इथे भुतं खरी, सैतान खरा, तळघरातली प्रेतं खरी, काहीही उलगडून सांगितलं जात नाही. दुसऱ्या आवृत्तीवर त्याने आपण खासदार असल्याचं छापलं आणि मग जो गदारोळ झाला, कोलरिजसारख्या कवीने परीक्षणात झोडपलं, 1798 च्या चौथ्या आवृत्तीत त्याला बराच मजकूर गाळावा लागला. मला 'द मंक' वाचवत नाही सगळी, खरंच, पण तिच्यात एक राग आहे जो रॅडक्लिफमध्ये नाही. आणि 1797 मध्ये रॅडक्लिफची 'दी इटालियन' आली, तिला पुष्कळजण 'द मंक'ला दिलेलं उत्तर मानतात. तिथेही एक दुष्ट साधू आहे, तोही रात्री झोपलेल्या मुलीवर खंजीर उगारतो, पण तिच्या गळ्यातलं छोटं चित्र दिसतं आणि त्याचा हात थांबतो, त्याला वाटतं ही आपलीच मुलगी. रक्ताचा एक थेंब नाही आणि तरी माझा श्वास दर वेळी अडकतो.

प्रश्न : या सगळ्या गोष्टी इटली-स्पेनमध्येच का घडतात? लेखक तर इंग्रज. – वसई

उत्तर : इंग्लंड प्रॉटेस्टंट, त्यांना कॅथलिक देश म्हणजे मठ, इन्क्विझिशन (पाखंडी लोकांना पकडून चौकशी करणारी चर्चची न्यायालयं), कबुलीजबाब, अंधश्रद्धा असंच वाटायचं, म्हणून असल्या गोष्टी तिकडे खपून जातात. पूर्वग्रहच आहे तो, सरळ म्हणायला हवं. आणि गंमत म्हणजे त्या ठिकाणांची नीट माहिती असायचीच असं नाही, रॅडक्लिफने इटली कधी पाहिलीच नाही, तिचे डोंगर प्रवासवर्णनांतून आणि चित्रकारांच्या चित्रांतून आलेले. वॉलपोलने ओट्रँटो हे नाव नुसतं नकाशात बघून घेतलं, कानाला चांगलं वाटलं म्हणून, तिथे खरोखर किल्ला आहे हे त्याला वीसेक वर्षांनी कळलं, एका बाईंनी त्याला त्या किल्ल्याचं चित्र पाठवलं तेव्हा.

प्रश्न : फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युला यात धरायचे की नाही? – नागपूर

उत्तर : 'फ्रँकेन्स्टाइन' 1818 ची, म्हणजे पहिल्या लाटेच्या शेवटी, किल्ल्याच्या जागी प्रयोग आणि पूर्वजाच्या जागी स्वतःच निर्माण केलेला प्राणी, म्हणून तिथून नवं काहीतरी सुरू होतं. 1820 ची मॅट्यूरिनची 'मेलमॉथ द वाँडरर' ही साधारण शेवटची मोठी धरतात. 'ड्रॅक्युला' 1897 ची, फार पुढची, तिला सुरुवातीच्या गॉथिकमध्ये घालू नका, परीक्षेत तर नकोच.

प्रश्न : मराठीत याचं काही आलं का? – लातूर

उत्तर : मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीला, हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची, या अद्भुतरम्य म्हणून ओळखल्या जातात. पण त्यांना गॉथिक म्हणायला मी धजणार नाही, त्यांचा धागा आपल्या जुन्या अद्भुत कथांशीही आहे. नंतरच्या मराठी भयकथेत मात्र वाडा आलाच, आणि वाड्याबरोबर माळ्यावरची बंद खोली, पुरलेलं धन, भाऊबंदकी, वंशाला लागलेला शाप. त्यासाठी वॉलपोल वाचायची गरज कोणाला नव्हती, वाटण्यांचे दावे आपल्याकडे घरोघरी होते.

प्रश्न : मी साठीची गृहिणी आहे. नातीने 'युडोल्फो'चं पुस्तक आणून दिलं, डिक्शनरी घेऊन रोज चार-पाच पानं वाचते. सुरुवातीला वाटलं ही मुलगी किती रडते, किती घाबरते. पण आता मला तिच्याबद्दल फार वाटायला लागलंय आणि का ते सांगता येत नाही. तेव्हाच्या बायकांना पण असंच वाटत असेल का? – वाई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तेव्हाच्या बायकांना नक्की वाटत होतं. ही पुस्तकं महाग असायची, विकत घेणारे थोडे, बहुतेक जण वर्गणी भरून वाचनालयातून एकेक खंड आणायचे आणि घरात ते हातोहात फिरायचे. लंडनच्या मिनर्व्हा प्रेससारखा छापखाना जवळजवळ याच्यावरच चालला. 'युडोल्फो'साठी रॅडक्लिफला प्रकाशकांनी 500 पौंड दिले आणि 'दी इटालियन'साठी 800, त्या काळात कादंबरीला असले आकडे कोणी ऐकले नव्हते. जेन ऑस्टेनने तर 'नॉर्थँगर ॲबी'त या वाचणाऱ्या मुलींची थट्टा केली, तिची नायिका मध्यरात्री जुन्या कपाटातून गुंडाळलेले कागद काढते, मेणबत्ती विझते, रात्रभर थरथरते आणि सकाळी बघते तर धोब्याची बिलं. थट्टा मायेची आहे, पण तीच ऑस्टेन त्याच पुस्तकात घराच्या मालकाला असा वागायला लावते की पाहुणी आलेली ही मुलगी श्रीमंत नाही हे कळल्यावर तो तिला तडकाफडकी घराबाहेर काढतो, एकटीला, सोबत नोकरही न देता. मग मुलीची भीती अगदीच खोटी होती असं कसं म्हणायचं?

तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, सामान नवऱ्याचं व्हायचं, जमिनीचं उत्पन्न त्याच्या हातात जायचं, वेगळा करार करून ठेवला असेल तरच काही वाचायचं. तो कायदा बदलायला 1870 आणि 1882 उजाडलं. आता तुम्ही वाचताय त्यातली एमिलीची आत्या आठवा. ती मॉन्टोनीशी लग्न करते, तो तिच्या फ्रान्समधल्या जमिनीच्या कागदांवर सही मागतो, ती नाही म्हणते, तो तिला बुरुजात कोंडतो, ती त्यातच आजारी पडून मरते. मग जमीन एमिलीकडे येते आणि लगेच तोच माणूस तीच सही एमिलीकडे मागायला लागतो. या सगळ्यात भूत कुठेय? मला वाटतं तुम्हाला तिच्याबद्दल वाटतंय ते यामुळे. आणि तिचं रडणं जरा बारकाईने बघा, ती रडते खरी पण मॉन्टोनीसमोर उभी राहून नाही म्हणते तेव्हा तिचा आवाज स्थिर असतो.

तुम्ही कुठपर्यंत आलात माहीत नाही, पण किल्ल्यात ती पहिल्या रात्री आपल्या खोलीत जाते ते प्रकरण परत काढा. खोली लांब एकीकडे, जुनी, दिव्याचा उजेड कोपऱ्यापर्यंत पोचत नाही अशी. ती सगळीकडे फिरून बघते आणि तिला एक दुसरं दार दिसतं, खाली जाणाऱ्या अरुंद दगडी जिन्याचं. ती ते लावून घ्यायला जाते, तर आतून कडीच नाही. बाहेरच्या बाजूला आहेत, दोन. मग ती एक जड खुर्ची ओढत आणून दाराला लावते आणि कपडे न बदलता तशीच पडते. सकाळी ती बघते तर रात्रीतून कोणीतरी येऊन बाहेरच्या कड्या लावून गेलेलं असतं.